गुरुत्वाकर्षण, काळ आणि कृष्णविवर

प्रास्ताविक

गुरुत्वाकर्षण म्हणजे दोन वस्तूंमधील परस्पर ओढ, ही न्यूटनची मांडणी आपणांस परिचित आहे. १९१५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी निराळी मांडणी केली : वस्तुमानामुळे भोवतालचे अवकाश आणि काळ वक्र होतात व वस्तू त्या वक्रतेनुसार मार्ग आक्रमितात. यालाच सामान्य सापेक्षता सिद्धांत म्हणतात.

विषय-विवेचन

१. उंची आणि काळ

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे शिखर महाराष्ट्रात सर्वोच्च आहे. एक अणुघड्याळ समुद्रसपाटीवर व तसेच दुसरे या शिखरावर ठेवले, अशी कल्पना करा. शिखरावरील घड्याळ दिवसाला सुमारे १५ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे १५ अब्जांश, पुढे जाईल. हा घड्याळाचा दोष नव्हे. पृथ्वीच्या जितके जवळ, तितका काळच संथ चालतो.

हा फरक उपेक्षणीय वाटेल. परंतु आपल्या मोबाईलमधील नकाशा याच तत्त्वावर विसंबून असतो. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे, त्यांच्या वेगाचा परिणाम वजा जाता, दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्या अवधीत प्रकाश ११ किलोमीटर अंतर कापतो. म्हणून त्या घड्याळांत ही दुरुस्ती करावीच लागते.

२. कृष्णविवर

वस्तुमान तेच ठेवून आकार लहान केला, तर पृष्ठभागाजवळची वक्रता वाढते. संपूर्ण पृथ्वी सुमारे ९ मिलिमीटर त्रिज्येत दाबली, तर तिच्यापासून प्रकाशही निसटणार नाही. या सीमेस घटना क्षितिज म्हणतात. तिच्या अगदी जवळचे घड्याळ दुरून पाहणाऱ्यास जवळजवळ थांबलेले दिसेल. पृथ्वी अशी आकसत नाही. मात्र प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपल्यावर त्याचा गाभा कोसळून कृष्णविवर बनू शकते.

३. खोडदची दुर्बीण

जिल्ह्याच्या सीमेलगतच्या जुन्नर तालुक्यात, खोडद येथे, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. स्पंदक तारे ही जणू निसर्गाचीच घड्याळे होत. त्यांचे स्पंद किंचित लवकर वा उशिरा पोहोचतात का, हे या दुर्बिणीने नोंदवता येते. २०२३ मध्ये भारतीय व युरोपीय शास्त्रज्ञांनी अशा नोंदींच्या आधारे अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. परस्परांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हा त्यांचा संभाव्य उगम मानला जातो.

आपली प्रगती तपासा

प्रश्न : सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर पृथ्वी त्यात ओढली जाईल का?

उत्तर : नाही. वस्तुमान तेच असल्याने पृथ्वीच्या अंतरावरील वक्रता बदलणार नाही. उजेड व ऊब नाहीशी होईल. कक्षा मात्र तीच राहील.