गोष्ट सांगायला शिकायचंय? पैठणच्या गुणाढ्याची कथा उलगडून पाहा

एका टेकडीवर एक माणूस अग्निकुंड पेटवून बसला आहे. हातात त्यानं स्वतः लिहिलेली पोथी आहे. तो एक पान मोठ्यानं वाचतो आणि आगीत टाकतो. मग पुढचं पान. जवळ रडणारे दोन शिष्य आहेत आणि भोवती हरणं, रानडुकरं, रेडे चरायचं सोडून उभे आहेत. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहतंय.

तो असं का करतोय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर गोष्टीनं तिचं पहिलं काम केलं आहे.

हा माणूस म्हणजे गुणाढ्य, 'बृहत्कथा' या ग्रंथाचा कर्ता. गोष्ट घडते प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणमध्ये. सातवाहनांची ही राजधानी. 'बृहत्कथा' मूळ रूपात आज उपलब्ध नाही. तिच्यातल्या कथा नंतरच्या ग्रंथांमधून आपल्यापर्यंत आल्या. त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे काश्मीरच्या सोमदेवानं ११व्या शतकात संस्कृतात रचलेला 'कथासरित्सागर'. वेताळाच्या गोष्टीही याच ग्रंथात आहेत.

गुणाढ्याची हकीकतही सोमदेवच सांगतो. ती इतिहास म्हणून वाचायची नाही, ती दंतकथा आहे. पण गोष्ट सांगायला नव्यानं शिकणाऱ्याला लागणारे जवळपास सगळे घटक तिच्यात सापडतात.

गोष्ट काय आहे?

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. दमलेली एक राणी त्याला संस्कृतात म्हणाली, पाणी उडवू नका. 'मा' म्हणजे नको आणि 'उदकैः' म्हणजे पाण्यानं. दोन शब्दांचा संधी झाला, 'मोदकैः'. राजाला संस्कृत धड येत नव्हतं. त्यानं मोदक मागवले. राणी सगळ्यांसमोर हसली.

राजानं अंथरूण धरलं. खाणं-बोलणं बंद केलं. त्याला व्याकरण शिकायचं होतं. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणाला, "एरवी १२ वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो." दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, "मी सहा महिन्यांत." गुणाढ्यानं पैज लावली. शर्ववर्म्याला हे जमलं, तर आपण संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडू.

शर्ववर्म्याला ते जमलं. गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथं तो पैशाची भाषा शिकला, काणभूती नावाच्या पिशाच्चाकडून एक मोठी कथा ऐकली आणि सात वर्षं बसून सात लाख श्लोक लिहिले. रानात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहिले.

शिष्य पोथी घेऊन राजाकडे गेले. राजानं ती झिडकारली. इतकी लांब, पैशाचीसारखी नीरस भाषा, त्यात रक्तानं लिहिलेली! मग गुणाढ्य टेकडीवर गेला आणि एकेक पान वाचून जाळू लागला.

इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी सांगितलं, सुकं मांस खाल्ल्यानं. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. शिकारी म्हणाले, रानातली सगळी जनावरं एका माणसाभोवती उभी असतात, चरतच नाहीत, म्हणून वाळलीत. राजा धावत टेकडीवर गेला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. शिष्यांना आवडणारा एक लाखांचा भाग तेवढा गुणाढ्यानं मागे ठेवला होता. तो राजाला मिळाला.

आता ही गोष्ट उलगडून पाहू.

१. पात्र: कुणाला काय हवंय?

राजा उंच होता की ठेंगणा, हे कथा सांगत नाही. त्याला काय हवंय, ते मात्र लगेच कळतं. त्याला पुन्हा कधी हसं व्हायला नको आहे. गुणाढ्याला आधी विद्वान म्हणून मान हवा आहे, नंतर त्याची कथा कुणीतरी ऐकायला हवी आहे. पात्राचं वर्णन नंतर करता येतं. त्याला काय हवंय आणि ते मिळण्यात काय आडवं येतंय, हे आधी ठरवावं लागतं.

२. किंमत: पणाला काय लागलंय?

पैज हरल्यावर गुणाढ्यानं सोन्याच्या मोहरा दिल्या असत्या, तर आपण ही गोष्ट विसरलो असतो. त्यानं भाषा गमावली. पंडिताकडून भाषाच काढून घेतली, तर उरतं काय? पात्राला जे सर्वांत प्रिय, तेच पणाला लागलं की ऐकणारा सावरून बसतो.

३. कथानक: 'आणि मग' की 'म्हणून'?

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७च्या 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या पुस्तकात हा फरक एका छोट्या उदाहरणानं समजावला. आधी राजा वारला, मग राणी वारली, एवढं सांगितलं तर तो नुसता घटनांचा क्रम होतो. राणी त्याच्या दुःखानं वारली असं म्हटलं, की कथानक तयार होतं.

गुणाढ्याच्या कथेला हीच कसोटी लावा. राणी हसली, म्हणून राजा खचला. तो खचला, म्हणून पैज लागली. पैज हरली, म्हणून भाषा सुटली. भाषा सुटली, म्हणून पैशाचीत लिहावं लागलं. पैशाचीत लिहिलं, म्हणून राजानं नाकारलं. एक कडी काढली तर पुढचं सगळं कोसळतं.

४. प्रसंग: राजाचा अपमान दिसतो कसा?

'राजाचा मोठा अपमान झाला' हे एक वाक्य पुरलं असतं. पण लक्षात राहतात ते तळ्याकाठी आलेले मोदक. एखादी ठोस वस्तू, एखादी कृती, एखादं चुकीचं ऐकलेलं वाक्य, यांतून प्रसंग उभा राहतो.

ही जाण पुढे पैठणच्या चित्रांमध्येही दिसते. चित्रकथी परंपरेत सांगणारा रामायण-महाभारतातलं एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरून गात-बोलत कथा पुढे नेतो. या परंपरेतली १९व्या शतकातली चित्रं 'पैठण शैली'ची म्हणून ओळखली जातात. सगळी कथा एका चित्रात मावत नाही. कोणते क्षण दाखवायचे, हे निवडावंच लागतं.

५. आवाज: सांगतंय कोण?

तीच घटना शिकाऱ्यानं सांगितली तर वेगळी होते, राणीनं सांगितली तर आणखी वेगळी. यासाठी १६व्या शतकातल्या पैठणच्या संत एकनाथांची भारुडं पाहावीत. त्यांत वासुदेव, जोशी, गोंधळी बोलतात, विंचू चावलेला माणूसही कळवळतो. परमार्थाचं शिकवणं तेच, पण ते गावातल्या ओळखीच्या आवाजात येतं. म्हणूनच भारूड आजही उभं राहून, सोंग घेऊन सादर होतं.

६. शेवट: काय बदललं?

एका भाषेत कच्चा म्हणून ज्या राजाचं हसं झालं, त्यानंच दुसऱ्याच्या ग्रंथाला भाषेवरून हिणवलं. शेवटी त्याच राजानं, कथा म्हणते, ती पृथ्वीवर कशी आली हे सांगणारं 'कथापीठ' त्याच पैशाचीत लिहिलं. कथा इथं तात्पर्य सांगत बसत नाही. सुरुवातीचा राजा आणि शेवटचा राजा यांत फरक दिसतो, तेवढं पुरतं.

सुरुवात कुठून करायची?

दैनंदिन घटनेपासून. समजा सांगायचंय, "काल पैठणची शेवटची एसटी चुकली, फार हाल झाले." ही झाली माहिती. आता विचारा:

- जायचं कशाला होतं? आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, औषधाचे थेंब पोचवायचे होते.
- गाडी का चुकली? दुकानदाराकडे सुट्टे नव्हते, म्हणून थांबावं लागलं.
- नाही पोचलं तर? रात्रीचा डोस चुकणार.
- दिसलं काय? स्टँडवरून वळणाऱ्या गाडीचे मागचे लाल दिवे.
- शेवटी काय झालं? टेम्पोवाल्यानं सोडलं. आजी डोळ्याला पट्टी बांधून दारातच बसलेली.

लाल दिव्यांपासून सुरुवात करा. बाकीचं ओघात येऊ द्या. लिहून झालं की कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारा मोबाइलकडे वळला, ती जागा खूण करून ठेवा. बहुतेक वेळा तिथं 'म्हणून' तुटलेलं असतं.

गुणाढ्याचे सहा लाख श्लोक जळाले ते त्यांत काही कमी होतं म्हणून नाही, ऐकणारा वेळेवर आला नाही म्हणून. जनावरं चरायची थांबली होती, तेव्हाच खरं तर ते कळायला हवं होतं. गोष्टीची पारख आधी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर होते. नव्यानं शिकणाऱ्यानं पान जाळण्याआधी तिथं एकदा पाहावं.