कांद्याच्या सालींचा रंग

ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर सँडोझ आणि पुढे क्लॅरियंट या कंपन्यांचे रसायनांचे कारखाने होते. कृत्रिम रंगांचा तो जमाना. आता त्या परिसरात टॉवर उभे आहेत, आणि तिथल्या एखाद्या स्वयंपाकघरात कांद्याच्या साली, डाळिंबाची टरफलं उकळून कापड रंगवता येतं.

नुसतं उकळून मात्र भागत नाही. सुती धाग्याला बहुतेक वनस्पतिज रंग आपणहून धरून राहत नाहीत. म्हणून कापड आधी साबणाने उकळून खळ काढतात, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवतात आणि नंतर तुरटीच्या. हिरड्यातलं टॅनिन धाग्याला चिकटतं, तुरटीतलं ॲल्युमिनियम त्याला धरतं आणि रंग त्यावर बसतो. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला साधारण १५ ग्रॅम तुरटी पुरते. रेशमाला हिरडा लागत नाही.

गंजके खिळे गुळाच्या पाण्यात आंबवले की लोहाचं पाणी तयार होतं. त्यात हिरडा लावलेलं कापड राखाडी, काळपट होतं.

हळद दिसायला सुरेख, पण बेभरवशाची: उन्हात विटते, साबण लागताच तांबूस होते. रंगाची भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत.