मशालीत वितळलेलं घर

ऑलिम्पिकची मशाल म्हटलं की काय आठवतं? ज्योत, धावपटू आणि टाळ्या. हातातल्या त्या दांड्याकडे आपण फारसं बघतच नाही. पण मंडळी, खरी स्टोरी तिथेच असते!

ज्योत दरवेळी ग्रीसमधल्या ऑलिम्पियात सूर्यकिरणांनी पेटवतात. मशाल मात्र प्रत्येक यजमान नव्याने डिझाइन करतो. थोडक्यात, हे त्या देशाचं व्हिजिटिंग कार्ड. त्यात स्वतःची जाहिरातही आलीच. ज्योतीची ही दौड सुरू झाली तीच 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला, नाझींच्या राजवटीत. म्हणूनच मशालीचं कौतुक ऐकलं की मी जरा सावध होते.

लंडन 2012 ची मशाल घ्या. 8000 धावपटू म्हणून तिच्यावर 8000 छिद्रं. आयडिया हुशार, लुक एकदम स्मार्ट! पण मला जास्त भिडली ती टोकियो 2020 ची.

पाच पाकळ्या, एक ज्योत

डिझायनर तोकुजिन योशिओका यांनी तिला साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलाचा आकार दिला. हे सुचलं कशावरून? फुकुशिमातल्या मुलांनी काढलेल्या साकुराच्या चित्रांवरून. पाच पाकळ्यांतून निघणाऱ्या ज्वाळा मध्यभागी येऊन एक होतात. लांबी 71 सेंटिमीटर, वजन साधारण 1.2 किलो. शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेनच्या बांधणीत वापरतात त्याच तंत्राने ती घडवली, त्यामुळे अंगावर कुठेही जोड नाही. दृष्टिहीन धावपटूला पुढची बाजू कळावी म्हणून पकडीवर हाताला लागणारी खूणही आहे.

आणि धातू? मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीत ज्यांची घरं गेली, त्यांच्यासाठी तात्पुरती घरं उभारली होती. मशालीतलं जवळपास 30 टक्के ॲल्युमिनियम त्या घरांमधून आलंय. ज्याच्या आडोशाला माणसांनी दिवस काढले, तोच धातू धावपटूंच्या हातात!

कोरोनामुळे वर्षभर लांबलेली दौड 25 मार्च 2021 ला फुकुशिमातल्या जे-व्हिलेजमधून निघाली. हे मुळात फुटबॉल केंद्र. अणुदुर्घटनेनंतर तिथेच मदतकार्याचा तळ होता. पहिल्या धावपटू होत्या 2011 चा महिला वर्ल्ड कप जिंकणाऱ्या जपानी संघातल्या खेळाडू. उद्घाटनाला सामान्य प्रेक्षक मात्र नव्हते.

सरकारने याला ‘पुनर्बांधणीचं ऑलिम्पिक’ म्हटलं. पण तेव्हाही फुकुशिमाचे हजारो लोक आपल्या गावापासून दूरच होते. या कौतुकाने आपला प्रश्न झाकला जातोय, असं त्यातल्या अनेकांना वाटत होतं. चुकीचं होतं का ते? मला नाही वाटत.

तरीही ही मशाल मला प्रामाणिक वाटते. फूल तर कुठलाही देश काढू शकतो. पण यजमानाने इथे स्वतःची जखमच हातात धरली होती. ती बघितल्यावर ‘मग त्या घरातली माणसं कुठे गेली?’ हा प्रश्न पडतोच. प्रतीकाने एवढं केलं तरी पुष्कळ. उत्तर द्यायचं काम सरकारचं. ते मशालीवर ढकलून कसं चालेल?