म्हणणे पोचवण्याची किंमत

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईच्या आझाद मैदानावर पोचला. पिढ्यानपिढ्या वनजमीन कसूनही सातबाऱ्यावर नाव नसलेले आदिवासी त्यात मोठ्या संख्येने होते. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आमचे पट्टे आम्हाला द्या, ही त्यांची मुख्य मागणी. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. सरकारने आपल्या बाजूने निर्णय घ्यावा म्हणून त्याच्यावर असे वजन टाकणे, हेच काम वॉशिंग्टनमध्ये पगारी माणसे करतात आणि त्याला लॉबिंग म्हणतात. आपल्याकडे हा शब्द दलालीच्या पंगतीला बसतो. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीने मात्र सरकारपुढे गाऱ्हाणे मांडणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे, आणि ते योग्यच आहे. प्रश्न गाऱ्हाण्याचा नाही. ते मांडायला कोणाला काय मोजावे लागते आणि कोणाचे मांडणे चारचौघांना दिसते, हा खरा प्रश्न आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके पाहिले की तो नीट कळतो.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली आणि राज्य हादरले. मंत्री आले, अधिकारी आले, योजनाही आल्या. तरी २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. हळहळ सरकारला पाड्यापर्यंत आणते, पण तिथे थांबवून ठेवत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारी संघटना लागते. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या कष्टकरी संघटनेने या पट्ट्यात तेच केले. कसणाऱ्याकडे कागद नसतो आणि वनखाते कागदाशिवाय बोलत नाही, ही कोंडी फोडण्यासाठी संघटनेचे प्रदीप प्रभू सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; त्या याचिकेवर १९९५ मध्ये निकाल लागला. पुढे देशभरच्या आदिवासी संघटनांच्या रेट्यातून वनहक्क कायदा आला आणि त्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही पुरावा म्हणून मान्य झाला. ज्याला सही येत नाही त्या म्हाताऱ्याचा शब्द सरकारी फायलीत पुरावा ठरला, हे मला फार मोठे यश वाटते.

पण या यशाला लागलेली वर्षे मोजा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की ज्यांची संख्या थोडी आणि प्रत्येकाचा फायदा मोठा, ते लगेच एकत्र येतात. ज्यांची संख्या मोठी आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारे थोडे, ते विखुरलेले राहतात. इथे तर त्याहून कठीण अवस्था आहे. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पाडा अर्धे वर्ष रिकामा असेल तर बैठक कोणाची घ्यायची? मोर्चाचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. मुंबईची तहान भागवणारे, शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. महानगराला आपली गरज सांगायला डोंगर उतरून चालत यावे लागत नाही. वनपट्ट्यांसाठी मात्र २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मोर्चे निघाले; मागणी तीच होती.

यावर कोणी म्हणेल, निवडून दिलेले आमदार-खासदार असताना रस्त्यावरचा दबाव कशाला? संघटनांचेही पक्ष असतात, नेत्यांचे हिशेब असतात. हे खरे आहे. पण मोर्चा कोणाचा, झेंडा कोणता, मागणी काय, हे सगळ्यांसमोर असते. पटले नाही तर विरोध करता येतो. बंद दाराआड झालेल्या भेटीला विरोध कसा करणार? अमेरिकेत १९९५ च्या कायद्यामुळे लॉबिंग करणाऱ्याला नोंदणी करावी लागते. कोणासाठी, कोणत्या विषयावर, किती पैसे घेऊन काम केले, हे तो आता दर तीन महिन्यांनी जाहीर करतो. वॉलमार्टच्या अशाच नोंदींत भारतीय बाजारपेठेत प्रवेश हा विषय होता, हे २०१२ मध्ये उघड झाले आणि आपल्या संसदेत गदारोळ उठला. आपल्याशी संबंधित माहिती आपल्याला परक्या देशाच्या दप्तरातून कळली, कारण आपल्याकडे असा कायदाच नाही. नोंदणी असूनही तिथे पैशाचा जोर ओसरला नाही, ही हरकत मात्र वजनदार आहे. तिथे या कामावर दरवर्षी ४ अब्ज डॉलरहून अधिक खर्च होतो. नोंद पैसा थांबवत नाही, पण तो कुठून आला ते दाखवते, आणि उत्तर मागायला तेवढा आधार लागतोच. आपल्याकडे पक्षांना निनावी देणगी देता येणारे निवडणूक रोखे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले आणि देणगीदारांची नावे बाहेर आली, तेव्हा कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले याची चर्चा आकड्यांनिशी झाली.

मोखाड्याच्या तहसील कार्यालयात पाड्यावरच्या माणसाने निवेदन दिले की त्यावर तारखेचा शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो, आणि माहितीच्या अधिकारात ते कोणालाही मागता येते. मंत्रालयात उद्योगाच्या प्रतिनिधीने धोरणाविषयी घेतलेल्या भेटीचीही अशीच नोंद ठेवावी, तारीख, विषय आणि नावांसह.