आधी गोधडी टांगा, मग माईक घ्या! घरातलं रेकॉर्डिंग का घुमतं?

गावातलं भजनी मंडळ असो की जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी, त्यांचा आवाज जपून ठेवावा असं अनेकांना वाटतं. त्यासाठी महागडा माईक आणला जातो, तरी रेकॉर्डिंग विहिरीत बसून केल्यासारखं येतं. बहुतेक वेळा दोष माईकचा नसतो, खोलीचा असतो.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. सिमेंटची भिंत, फरशी, पत्रा यांवर आदळून तो लगेच परत फिरतो. गाणाऱ्याचा आवाज आणि हा परतीचा आवाज माईकमध्ये एकत्र शिरतात, म्हणून शब्द अस्पष्ट होतात.

उपाय घरातच आहे. रिकाम्या हॉलऐवजी गाद्या, कपडे असलेली खोली निवडा. खाली सतरंजी अंथरा. गाणाऱ्याच्या मागे व बाजूला जाड गोधड्या टांगा. भिंतीपासून चार बोटं पुढे टांगलेली गोधडी आवाज जास्त शोषते. अंड्यांच्या ट्रेचा फारसा उपयोग नाही, शिवाय ते लवकर पेट घेतात. मात्र गोधडीने बाहेरचा ट्रॅक्टर थांबत नाही. त्यासाठी निवांत वेळच गाठावी लागते.

पंखा बंद, मोबाईल फ्लाइट मोडवर आणि माईक तोंडापासून वीतभर लांब ठेवा. स्टुडिओच्या कंडेन्सर माईकला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा देणारा ऑडिओ इंटरफेस लागतो. तो खर्च आधीच विचारून घ्या.

ऐकताना स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका, पखवाजाची धूम तिथे जास्त फुगते. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांत सारखं अंतर असावं.

शेवटी खोलीत एक टाळी वाजवा. घुमली, तर अजून एक गोधडी टांगा. मगच आजीला बसवा.