जुन्या मोटारीचे दिवे

जुन्या मोटारीचा दिवा लागेनासा झाला कीं बहुतेक गृहस्थ बल्बाला दोष देतात. नवा बल्ब आणून बसविला जातो. तोहि लागला नाहीं म्हणजे गाडीचें वय झालें असें म्हणून प्रकरण मिटविलें जातें. वस्तुतः वीस-पंचवीस पावसाळे पाहिलेल्या गाडींत बल्बापेक्षां गंजाचाच अपराध पुष्कळदां अधिक असतो. आणि गंज शोधून खरडून काढण्याचें काम घरच्या अंगणांत, एका सुटीच्या सकाळीं होण्यासारखें आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली प्रीमियर पद्मिनी किंवा १९८३ सालीं निघालेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली मारुती ८०० जिवापाड सांभाळणारीं कुटुंबें लातूर-नांदेडकडे अजून आढळतात. गाडी दिवसां गांवांत फिरते तोंवर दिव्यांची उणीव कोणाला जाणवत नाहीं. ती जाणवते नांदेडचें लग्नकार्य आटोपून लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनें रात्रीं लातूरला परततांना. उसाच्या गाळपाचे दिवस असले कीं ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्या रस्त्यानें संथपणें चाललेल्या असतात, आणि त्यांतल्या कित्येकींना मागें दिवा नसतो. त्यांना नांवें ठेवणाऱ्या मोटारवाल्यानें स्वतःच्या गाडीच्या मागें जाऊन एकदां पाहिलेलें असतेंच असें नाहीं.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें मागचा तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे, आणि क्रमांकाची पाटी १५ मीटरांवरून वाचतां आली पाहिजे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारें वाहन सेकंदाला सुमारें १७ मीटर अंतर तोडतें. समजा, एखादी मोटार रस्त्यावर अडकून उभी आहे. तिचा दिवा १५५ मीटरांवरून दिसला तर मागून येणाऱ्यास नऊ सेकंद मिळतात. दिवा नसेल तर तिची काळी आकृति त्याच्या डिपरच्या उजेडांत चाळीस-पन्नास मीटरांवर आल्यावर डोळ्यांत भरते. उरतात तीन सेकंद, आणि त्यांतला दीड सेकंद पाय ब्रेकवर पोंचेपर्यंतच संपतो.

आतां दिवा बिघडतो कसा तें पाहूं जातां एक गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी लागते. घरांतील दिव्याला दोन तारा असतात. एकीनें वीज येते, दुसरीनें परत जाते. मोटारींत बहुतेक ठिकाणीं तार एकच. प्रवाह तारेनें दिव्यापर्यंत येतो, आणि परत बॅटरीकडे जातो तो गाडीच्या लोखंडी अंगांतून. या परतीच्या वाटेला कारागीर अर्थ म्हणतात. दिव्याचें घर जेथें पत्र्याला टेकतें तेथें गंज चढला कीं ही वाट अरुंद होते. मराठवाड्यांतील काळ्या मातीचा चिखल चाकांनीं उडून नेमका अशा सांध्यांत जाऊन बसतो, आणि ही माती ओल फार काळ धरून ठेवते. उन्हाळ्यांत तिचीच धूळ होऊन दिव्याच्या आंत शिरते. बल्ब नवा, तार धड, फ्यूज शाबूत, तरी दिवा मिणमिणतो, याचें कारण बहुधा हेंच.

अर्थाचा दोष ओळखण्याची खूण मोठी गमतीची आहे. मागचे दिवे लावून ब्रेक दाबावा. ब्रेकचा दिवा भडकण्याऐवजीं मागचा दिवाच मंद झाला, किंवा डाव्या बाजूचा इंडिकेटर लावतांच त्या बाजूचे सारेच दिवे त्याच्या तालावर उघडझाप करूं लागले, तर बल्बाकडे पाहण्याची गरज नाहीं. परतीची वाट बंद झालेला प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तारेंतून मार्ग काढूं पाहतो, म्हणून हा गोंधळ. खात्री करून घ्यावयाची तर तारेचा एक लांब तुकडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून त्याचें दुसरें टोक दिव्याच्या धातूच्या घराला टेकवावें. दिवा एकदम लखलखीत झाला तर चोर सांपडला.

मग बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडून ठेवावी. हें आधीं करावयाचें, मागाहून नव्हे. दिव्याचें घर उतरवून तें जेथें टेकतें तो पत्रा, स्क्रू आणि वायसर पॉलिश पेपरनें घासून चकचकीत करावेत. घट्ट बसविल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरविला म्हणजे ओल पुढें दोन-तीन पावसाळे दूर राहते. पत्रा सडून गेला असेल तर घासण्यांत अर्थ नाहीं. दिव्याच्या घरापासून एक स्वतंत्र तार काढून ती आंतल्या चांगल्या बोल्टाला आवळावी. कांचेखालची रबरी पट्टी कडक होऊन चिरली असेल तर तीहि बदलावी, नाहीं तर सगळी मेहनत पहिल्याच मृगाच्या पावसांत वाहून जाते.

बल्ब मात्र निर्दोषच असतो असें नव्हे. मागच्या दिव्यांत पुष्कळ गाड्यांत दोन तारांचा एकच बल्ब असतो: ५ वॉटची तार रात्रीच्या दिव्यासाठीं, २१ वॉटची ब्रेकसाठीं. त्याच्या दोन खुंट्या मुद्दाम खालीं-वर ठेवलेल्या असतात. घाईनें तो उलटा दडपून बसविला तर तारांची अदलाबदल होते; मागचा दिवा सदाच ब्रेक दाबल्यासारखा जळत राहतो आणि खरा ब्रेक दाबला कीं फरक दिसत नाहीं. दोन्हीं बाजूंचे ब्रेकचे दिवे एकदमच गेले असतील तर बल्ब सोडून प्रथम फ्यूज आणि ब्रेकचा स्विच पाहावा.

फियाटच्या घडणीच्या गाड्यांत दोन्हीं टोकांना निमुळते, चिनी मातीचे फ्यूज असत. ते जळलेले नसतांनाहि टोकांवर काळपट थर चढून प्रवाह अडतो. जागच्या जागीं फिरवून पाहिले तरी कित्येकदां दिवा पेटतो. फ्यूज वारंवार जळत असेल तर कोठें तरी तार सोलून पत्र्याला लागली आहे, आणि डिकीच्या बिजागरीजवळ हें फार घडतें. अशा वेळीं फ्यूजच्या जागीं तांब्याची तार गुंडाळण्याची जी युक्ति रस्त्यांत सुचविली जाते ती घातक होय. फ्यूज जळावयाचा तो वांचतो आणि गाडी जळते.

जुन्या गाड्यांतील इंडिकेटरचा फ्लॅशर आंतील पट्टी तापून चालतो. एक बल्ब गेला कीं पट्टी पुरेशी तापत नाहीं व टिकटिक मंदावते किंवा थांबते. पुढील काळच्या गाड्यांत ती उलट दुप्पट घाईनें होऊं लागते. एलईडी बल्ब बसविल्यावर जुना फ्लॅशर मुका होतो, त्याचेंहि कारण प्रवाहाची हीच कमतरता.

हेडलाईट मंद वाटला कीं १०० वॉटचा बल्ब बसविण्याचा मोह होतो. हा उपाय सपशेल चुकीचा आहे. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर प्रवाह घेतो, १०० वॉटचा ८ हून अधिक; जुन्या स्विचला तो सोसत नाहीं. शिवाय बल्बाला पोंचणारा दाब एक दशांश घटला तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनीं उतरतो. म्हणजे पुष्कळदां उणीव बल्बाची नसून वाटेंत हरवलेल्या व्होल्टांची असते. बॅटरीपासून जाड तार काढून मध्यें रिले घातला आणि अर्थ साफ केला कीं जुना बल्बच नवा होतो. हॅलोजन बल्बाच्या कांचेला उघड्या बोटांचा स्पर्श मात्र होऊं देऊं नये. तेलकट डाग तापून कांच तडकते.

सारें जोडून झाल्यावर ब्रेकचे दिवे एकट्यानेंहि तपासतां येतात. अंधार पडतांना गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबावा व आरशांत पाहावें. भिंतीवर दोन तांबडे ठसे सारख्याच तेजाचे उमटले पाहिजेत. एक फिका असेल तर त्या बाजूचा स्क्रू पुन्हां खोलावा.