घरच्या कॉम्प्युटरवर गाणं बनवायचंय? सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे वाचा

मोबाईलवर एखादी चाल रेकॉर्ड केली, मित्रांना आवडली, आणि आता तिचं नीट गाणं करायचंय. घरात एक लॅपटॉप आहे. मग सर्च सुरू होतो: 'बेस्ट म्युझिक सॉफ्टवेअर कोणतं?' दहा व्हिडिओ, दहा वेगळी उत्तरं. कारण प्रश्नच अर्धा आहे. आधी हे ठरवायला हवं की तुम्ही नक्की करणार काय आहात.

गाणं रेकॉर्ड करणं, जोडणं आणि मिक्स करणं हे सगळं एकाच ठिकाणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात, थोडक्यात 'डॉ'. त्यात दोन प्रकारची कामं होतात.

ऑडिओ आणि मिडी

पहिलं काम म्हणजे खरा आवाज रेकॉर्ड करणं: तुमचं गाणं, गिटार, ढोलकी, पेटी. याला ऑडिओ म्हणतात.

दुसरं म्हणजे मिडी. मिडीमध्ये आवाज नसतोच, फक्त सूचना असतात: कोणता स्वर, कधी, किती वेळ, किती जोरात. त्या सूचना वाचून कॉम्प्युटरमधलं वाद्य वाजतं. म्हणून मिडीत लिहिलेली धून आज पियानोवर आणि उद्या बासरीवर ऐकता येते.

कोणासाठी काय?

गाणं, भजन, पोवाडा किंवा बँड रेकॉर्ड करायचा असेल तर रीपर बघा. हलकं सॉफ्टवेअर आहे, जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर मिळतं. मात्र यासोबत तयार वाद्यांचे आवाज फारसे येत नाहीत, ते प्लगइन म्हणून वेगळे टाकावे लागतात. सर्ज एक्सटीसारखे चांगले प्लगइन फुकट आहेत.

रॅप, बीट्स किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं असेल तर एफएल स्टुडिओ सोपं पडतं. चौकोनांवर क्लिक करत ताल बसवायचा, लगेच ऐकायचा.

मॅक असेल तर गॅरेजबँडपासून सुरुवात करा. फुकट आहे, आणि पुढे लॉजिक प्रो घेतलंत तर त्यात हेच प्रोजेक्ट उघडतात.

पैसे अजिबात खर्च करायचे नसतील तर वेव्हफॉर्म फ्री हे पूर्ण डॉ आहे. बँडलॅब ब्राउझरमध्ये आणि फोनवरही चालतं, त्यामुळे फोनवर सुरू केलेलं गाणं लॅपटॉपवर पुढे नेता येतं. ऑडॅसिटी आवाज कापायला आणि साफ करायला उत्तम, पण मिडी वाद्यांवर धून रचायला ते कामाचं नाही.

'फुकट' शब्दाखालची अट वाचा

रीपर ६० दिवस सगळ्या फीचर्ससह वापरून बघता येतं. त्यानंतर लायसन्स घ्यायचं असतं, घरगुती वापरासाठी ६० डॉलरचं. एफएल स्टुडिओच्या ट्रायलला दिवसांची मर्यादा नाही. त्यात गाणं एक्सपोर्ट होतं, प्रोजेक्ट सेव्हही होतं. पण बंद केल्यावर ते सेव्ह केलेलं प्रोजेक्ट पुन्हा नीट उघडत नाही, त्यासाठी आधी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. हे माहीत नसेल तर महिनाभराची मेहनत अडकून पडते. विकत घेतल्यावर मात्र पुढचे अपडेट कायम फुकट मिळतात. यात स्वस्त-महाग अशा वेगवेगळ्या एडिशन आहेत. तुम्हाला लागणारं फीचर कोणत्या एडिशनमध्ये आहे ते पैसे भरण्याआधी तपासा.

आणि क्रॅक व्हर्जन? ते टाकताना बहुतेक वेळा 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं सांगतात. त्याच लॅपटॉपवर तुमचं ईमेल आणि बँकेचं लॉगिन असतं. एका प्लगइनसाठी घराचं दार उघडं टाकून झोपण्यासारखंच आहे हे. इतके फुकट पर्याय असताना कशाला?

आवाज उशिरा येतोय?

हेडफोन लावून गाताना स्वतःचा आवाज मागून ऐकू आला की आपण बेताल होतो, आणि दोष सॉफ्टवेअरला देतो. खरं कारण बहुतेक वेळा लेटन्सी असतं. कॉम्प्युटर आवाज छोट्या गठ्ठ्यांत घेतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० सँपल्स आणि ५१२ चा बफर असेल तर एक गठ्ठा भरायला सुमारे ११.६ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना आणि बाहेर जाताना मिळून साधारण २३. बफर १२८ केला तर हे जेमतेम ६ वर येतं, पण प्रोसेसरवर ताण वाढतो आणि आवाज तुटू शकतो.

म्हणून रेकॉर्ड करताना बफर कमी ठेवा, मिक्स करताना वाढवा. विंडोजवर 'एसिओ' प्रकारचा ड्रायव्हर वापरा. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगसाठी नकोच, त्यांचा उशीर याहून कितीतरी जास्त असतो. साधा वायरचा इअरफोन बरा.

दोन दिवसांची परीक्षा

यादीतली फक्त दोन सॉफ्टवेअर निवडा आणि दोन्हीत एकाच चालीचा एक मिनिटाचा तुकडा करा. तीन गोष्टी बघा:

१. मदतीशिवाय आवाज रेकॉर्ड करता आला का?
२. तुमचा ताल बसवता आला का? बहुतेक डॉ सुरुवातीला चार मात्रांवर चालतात. रूपकासाठी ७/४ आणि दादऱ्यासाठी ६/८ सेट करा, नाहीतर मेट्रोनोमची सम चुकीच्या जागी येईल.
३. आठ-दहा ट्रॅक झाल्यावर लॅपटॉप अडखळतो का?

जे सॉफ्टवेअर कमी आडवं आलं ते तुमचं. मग निदान एक गाणं पूर्ण होईपर्यंत बदलू नका. आणि गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये एक्सपोर्ट करून ठेवा. एका डॉचं प्रोजेक्ट दुसऱ्यात सहसा उघडत नाही, पण वेव्ह फाइल सगळीकडे उघडते. उद्या सॉफ्टवेअर बदललंत, लॅपटॉप बदललात, तरी गाणं तुमच्याकडेच राहील.